सगुणाबाईचा उजवा गाल

हिर्डोशीच्या सगुणाबाईला चेहऱ्याची कळ लागली ती पंचेचाळिशीत, आणि पुढची चार वर्षं त्या कळेनं तिला माणसांत राहू दिलं नाही. वाऱ्याची झुळूक लागली, पाण्याचा थेंब उडाला, कुणी 'जेवलीस का' विचारलं आणि तिनं उत्तराला तोंड उघडलं, की उजव्या गालात वीज शिरायची. हातातलं टाकून बाई गाल धरून खाली बसायची. गावानं आपल्या परीनं सगळे उपाय केले. भोरच्या बाजारात एका दात काढणाऱ्यानं तीन दात उपटले, तिन्ही चांगले. अंगारे झाले, कोंबडं झालं, गालावर बिब्बा घालून झाला. बिब्ब्याचा डाग राहिला आणि कळही राहिली. सल्ला देणाऱ्यांचं काय जात होतं!

सगुणाबाई सुईण होती. हिर्डोशीत आणि वरच्या वाड्यांत तिच्या हातावर जन्मलेली पोरं आता औत हाकत होती. पण कळ लागल्यापासून बाळंतिणीला धीर द्यायला तोंडच उघडेना, तेव्हा तिनं जाणं सोडलं. त्यातच तिची सून भिमा पहिल्यांदा बाळंत झाली. भिमाला माहेर उरलेलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच. सगुणाबाई कोपऱ्यात गोधडीत तोंड खुपसून पडलेली, आणि दुसऱ्या वाडीची बाई घाबरून नुसती देवाचं नाव घेत होती. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तो दोन बोटांनी सोडवायचा असतो. सोडवला गेला नाही, आणि बाळ काळंनिळं होऊन, मेलेलंच आलं.

भिमाला पुन्हा दिवस गेले तेव्हा सगुणाबाईनं लेकाला, चिमाजीला, जवळ बोलावलं आणि गाल हातानं दाबून धरून म्हणाली, "मला कुठं बी ने. काय बी कापू दे. या खेपेला म्या उभी पायजे."

भोरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मायलेक मोटारीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की शीर तोडावी लागेल. कळ जाईल, पण ती बाजू जन्मभर बधिर राहील. डोळ्यात कचरा गेला तरी कळणार नाही, म्हणून रोज आरशात डोळा पाहायचा. गरम-गार कळणार नाही, म्हणून चहा निववून प्यायचा. सगुणाबाई प्रत्येक गोष्टीला 'व्हय' म्हणाली. चार वर्षं तळमळलेल्या माणसाला मुंडकं काढून ठेवतो म्हटलं, तरी ते 'व्हय'च म्हणेल.

महिन्याभरानं ती परतली. उजव्या कानापुढचे केस भादरलेले, तिथं टाक्यांचा व्रण. नवरा मुंबईच्या गिरणीत जिवंत असताना सवाष्ण बाईचं डोकं भादरलं म्हणून बायका कुजबुजल्या. सगुणाबाईला त्याचं काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून तिनं गार पाण्याचे हबके तोंडावर मारले, एकामागून एक, तांब्या रिकामा होईस्तोवर. चार वर्षांत तिनं तोंड धुतलं नव्हतं. ते बघून चिमाजी वैरण काढायचं निमित्त करून गोठ्यात गेला आणि पोटभर रडला.

मग एकेक कळू लागलं. घास उजव्या गालात तसाच राहून जायचा. गाल आतून चावला जायचा आणि भाकरीला रक्त दिसलं की मगच समजायचं. लाळ गळून पोलकं ओलं व्हायचं. ती डाव्या बाजूनं चावायला शिकली, घडोघडी पदरानं तोंड पुसायला शिकली, चिमाजीनं आणलेल्या आरशात डोळा बघायला शिकली. एवढ्यावर निभावलं, असं ती स्वतःला सांगायची.

माघाच्या थंडीत भिमाचे दिवस भरले. याही बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, एक सोडून दोन. सगुणाबाईची बोटं कुठं विसरली होती! तिनं दोन्ही वेढे सोडवले, बाळाला उलटं धरून पाठीवर चापट मारली, आणि पोरगं रडलं. सगुणाबाई त्याच्याहून मोठ्यानं रडली. इतकी सुखी ती लग्नातही नव्हती.

तान्ह्या बाळाच्या पोटाला शेक द्यायची रीत आहे. फडक्याची घडी शेणीच्या निखाऱ्यांवर धरायची, आपल्या गालाला लावायची, आणि गालाला सोसली तरच बाळाच्या पोटावर ठेवायची. राबून हाताची कातडी जाड होते, तिच्यावर विसंबायचं नाही. गाल फसवत नाही. सगुणाबाईनंच हे गावातल्या कितीतरी पोरींना शिकवलं होतं. बाळ डाव्या हाताशी आणि घडी उजव्या हातात, म्हणून तिचा गाल नेहमी उजवा. पंचवीस वर्षांत त्या हाताला दुसरी वाट ठाऊक नव्हती.

पाचव्या दिवशी बाळ पाय पोटाशी घेऊन रडू लागलं. सगुणाबाईनं घडी निखाऱ्यावर धरली आणि गालाला लावली. ऊब लागेना. आणखी धरली, पुन्हा लावली. तरी गारच. थंडीच तशी आहे, तिला वाटलं. मग घडी चांगली वेळ निखाऱ्यावर धरून, रीतीप्रमाणे गालाला लावून, तिनं ती बाळाच्या पोटावर ठेवली. बाळानं किंकाळी फोडली. पोटात वारं धरलंय, असं म्हणत तिनं घडी पुन्हा तापवली आणि पुन्हा दाबली.

"आत्याबाई!" बाजेवरून भिमा ओरडली. "तुमचा गाल!"

सगुणाबाईनं गालाला हात लावला. बोटांना फोड लागला, रुपयाएवढा. गालाला काहीच लागलं नाही. मग दोघींनी एकदमच बाळाच्या पोटाकडे बघितलं. फडक्याबरोबर कातडी निघून आली होती.

भिमानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बाळ उचलून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून ती सासूशी बोलली नाही. शेजारची अंबूबाई येऊन तूप आणि कोरफडीचा गर लावायची, बाळाला हाताळायची. सगुणाबाई गोठ्यात बसून असायची. मधली भिंत कुडाची, बाळाचं कण्हणंही ऐकू यायचं. चार वर्षं जी कळ जावी म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले, तिचा एक कण तरी परत मिळावा म्हणून ती गालात थापडा मारून घ्यायची. हाताला झिणझिण्या यायच्या, गाल मुकाच. ती दोनदा नीरेच्या डोहावर गेली आणि दोनदा माघारी आली. बाळ जगतं की नाही हे कळल्याशिवाय तिला मरताही येईना.

बाळ जगलं. पोटावर मोठा चट्टा राहिला.

दीड महिन्यानं एका सकाळी वरंध्याकडच्या वाडीचा रखमाजी धापा टाकत अंगणात आला. बायको अडली होती. पोर आडवं होतं, आणि सगुणाबाई बरी होऊन आल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. पुढचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सगुणाबाई गोठ्याच्या दारात उभी राहिली. मुकाट्यानं त्याच्यामागं निघून जाता आलं असतं. आडवं पोर कसं फिरवायचं हे तिच्या हातांना अजून येत होतं, आणि त्या हातांना दुसरं काही नकोच होतं.

"म्या येत न्हाई," ती म्हणाली. "माझा गाल मेलाय. म्या नातू भाजलाय."

रखमाजी तिच्या कानापुढच्या व्रणाकडे, गालावरच्या काळ्या डागाकडे बघत राहिला. मग एक पाऊल मागे सरला. "तसं असंल तर ऱ्हाऊं द्या," असं पुटपुटून तो पायवाटेला लागला. सगुणाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावरच बसली.

"ओ दादा!" भिमा पडवीत आली होती, बाळाला छातीशी धरून. तिनं बाळाचं झबलं वर केलं. "ह्ये बगा. ह्ये त्यांनी केलं. म्या मरूस्तोवर इसरणार न्हाई. आन नाळंचं दोन येढं काडून ह्याला जित्ता बी त्यांनीच आणला. न्या त्यांना. पोर जन्मलं की शेकाला तुमच्या आईला बसवा. ह्यांच्या हातात फडकं देऊ नगा."

रखमाजी थांबला. त्यानं चट्ट्याकडे बघितलं, पाय झाडत टकमक बघणाऱ्या बाळाकडे बघितलं.

"चला मावशी," तो म्हणाला. "बिगीनं चला."

सगुणाबाईनं उठून भिमाकडे बघितलं. भिमा तिच्याकडे बघत नव्हती.

"जावा की," ती बाळाला म्हणावं तसं म्हणाली आणि आत वळली.

चढावर सगुणाबाई रखमाजीच्या मागं होती. उजवा हात तिनं पदरात गच्च गुंडाळून धरला होता. आपल्या हाताचंच तिला भय वाटत होतं.