गोल घासलेली सीडी

दिंद्रुडला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. ओरखडे पडलेल्या सीडी पुन्हा चालू करण्यात माझा हात धरणारा आजूबाजूला कुणी नव्हता. मांजरसुंब्याहून लोक यायचे. इतरांनी फेकून द्या म्हटलेली सीडी माझ्याकडे चालायची, याचा मला आजही अभिमान आहे. पण हे काम मी कुणाच्या सीडीवर शिकलो, ते कधी सांगितलं नाही.

गावातलं एक जोडपं उसतोडीला जायचं. नवऱ्याने एका वर्षी लग्नाची सीडी सोबत नेली. उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत राहून ती परत आली तेव्हा मधेच अडकत होती. बायको ती घेऊन माझ्याकडे आली, मागोमाग तोही. तिचे वडील वारले होते. त्यांचं चालणं-बोलणं तेवढ्या सीडीतच उरलं होतं.

ओरखडे किरकोळ होते. मी टूथपेस्ट लावून, ताट घासावं तशी सीडी गोल गोल घासली. तिथंच चुकलो. सीडीवर सगळं गोल रेषेतच साठवलेलं असतं. आडवा ओरखडा यंत्र ओलांडून जातं, गोल ओरखड्यात मात्र सलग भाग हरवतो. सीडी पार बंद पडली.

"कोपीवरच खराब झालीय, ताई. आता न्हाई चालायची," मी म्हणालो.

ती नवऱ्याला म्हणाली, "नेऊ नका म्हणत होते ना." सीडी माझ्या टेबलावरच सोडून दोघं गेली.

ती मी जपून ठेवली. पुढे मधून कडेकडे सरळ पुसायला शिकलो, बारीक पॉलिश वापरायला शिकलो. यंदा दुकान आवरताना ती पुन्हा हातात घेतली. आठवडाभर थोडं पुसायचं, कॉम्प्युटरला हळूहळू वाचायला लावायचं, पुन्हा पुसायचं, असं चाललं. पुष्कळसं लग्न निघालं.

दोघांना बोलावलं. पडद्यावर फेटा बांधलेले तिचे वडील कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होते, "आरं शूटिंगवाल्या, आदी जेवून घे, मग काढ."

ती पदर तोंडाला लावून बघत होती. मी म्हणालो, "ताई, सीडी मी बिघडवली होती. यांचा काही दोष न्हवता."

नवरा माझ्याकडे वळला. "काका, म्हंजे इतकी वर्षं मी फुकट बोलणी खाल्ली?"

"फुकट कावून?" ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या चुकीपायी खाल्ली असं धरा."

तो खुर्ची पुढे ओढून बसला. "लावा परत. सासऱ्याला तरी सांगतो, सीडी मी न्हवती बिघडवली."