कपाटातून लागणारे फोन

बायको गेल्यावर तिचा टॅब मी तिच्या कपाटात ठेवला, साड्यांच्या वर, चालूच. चार्जरची वायर दाराच्या फटीतून आत सोडलेली होती. टॅब बंद करायचं राहून गेलं असं मी विचारणाऱ्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्या टॅबचं बटण मला पुन्हा दाबायचं नव्हतं.

आमचा एकुलता एक मुलगा कॅनडात असतो. त्याची अशी समजूत आहे की शेवटच्या आजारात त्याच्या आईने त्याचा चेहरा टॅबवर पाहिला, "बंद" म्हणाली आणि तो बंद करायला लावला. ही समजूत मी करून दिली. तेराव्याच्या पंगतीत, पंधरावीस माणसं जेवत असताना, "तिलाच तो नको होता" असं मी म्हणालो, आणि म्हैसूरपासून बेळगावपर्यंतच्या आमच्या नातेवाइकांत तेच राहिलं. ते खरं नाही. खरं काय, हे टॅबची बॅटरी बदलताना बाहेर आलं, म्हणून तिथूनच सांगतो.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी जेवत होतो. दुपारची वेळ. म्हैसुरातल्या आमच्या जुन्या ब्राह्मणवस्तीत, अग्रहारात, त्या वेळी गल्ली शांत असते, दुकानांची शटरं अर्धी खाली असतात. आतल्या खोलीतून फोन लावल्यावर पलीकडे वाजते तशी घंटी ऐकू आली. कपाट उघडलं. साड्यांवर उजेड पडला होता आणि मुलाच्या फोटोला फोन जात होता. घंटी वाजून वाजून थांबली. स्क्रीनवर कुणाचं बोट नव्हतं. मी कपाट लावलं आणि पानावर येऊन बसलो, पण भात पुढे गेला नाही.

नंतर ते पुन्हा पुन्हा होऊ लागलं. कधी फोटो उघडून भराभर पुढे सरकायचे. एकदा कपाट उघडलं तर संदेशाच्या चौकटीत अक्षरं उमटत होती. बायको बन्नूरची, शाळा कन्नडात झालेली, म्हणून तिचा कीबोर्ड कन्नड होता. एकामागून एक कन्नड अक्षरं पडत होती, कशाचा कशाला मेळ नव्हता. मी मात्र उभ्याउभ्या प्रत्येक ओळ वाचली. हयात बेळगोळच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, भुतंखेतं मी मानत नाही. तरीही त्या ओळींत मी माझं नाव शोधत होतो.

एका दुपारी बन्नूरहून मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, बोलण्यात कुणाला हार जात नाही. बसमधून उतरून थेट आली होती. चपला काढता काढताच म्हणाली,

"भावजी, घरात दुसरं कोण राहतं?"

"कोण राहणार? मी."

"मग बोलता कुणाशी?"

मला काही कळेना. ती खुर्चीवर बसली, पदराने वारा घेतला आणि सांगितलं ते असं. मुलाला त्याच्या रात्री आईच्या नावाने फोन येत होते. आधी त्याने उचलले नाहीत. मग एकदा उचलला. समोर नुसता काळोख होता. काळोखात देवळाची घंटा ऐकू आली, पंख्याचा आवाज आला, आणि मग माझा आवाज. मी कुणाला तरी म्हणत होतो, "लावलं ग दार. लावलंय. झोप आता."

"तो रडत होता फोनवर," मेहुणी म्हणाली. "एवढा मोठा माणूस. विचारत होता, मावशी, अप्पा कुणाला झोपवतायत?"

मी म्हटलं, म्हातारी माणसं बडबडतात. तिने उठून सरळ कपाट उघडलं.

टॅब तिने दोन बोटांनी उचलला. स्क्रीन एका कोपऱ्यातून वर आली होती आणि फटीतून आतला उजेड दिसत होता. पाठ मधोमध फुगलेली. "अय्यो, पापड झालाय की ह्याचा," ती म्हणाली. मला मात्र तो वास आला. गोडसर, फार पिकलेल्या फणसासारखा. साड्यांनाही लागला होता. तिच्या साड्यांना तिचा वास होता तो गेला होता.

तेव्हा डोकं चालायला लागलं. बॅटरी सतत चार्जिंगवर राहून फुगली होती. ती आतून काचेला दाबत होती, आणि काचेला ते बोटासारखं वाटत होतं. जिथे दाब पडेल तिथे टॅब आपोआप दाबला जात होता. मुलाचा फोटो नेमका त्या फुगवट्यावर होता. मी मेहुणीला समजावून सांगितलं. यंत्राचं कारण सापडलं की मला नेहमी बरं वाटतं, तसं त्या दिवशी वाटलं नाही. आतून कुणीतरी दाबत होतं, एवढं तर खरंच होतं.

मेहुणीने लगेच मुलाला कळवलं: टॅब बिघडलाय, फोन आपोआप लागतात, उचलू नकोस, घाबरू नकोस. त्याचं उत्तर आलं, की तो टाकू नका, आईचे व्हिडिओ त्यात आहेत.

दुकानात दाखवला. दुकानदाराने हातही लावला नाही. म्हणाला, फुगलेली बॅटरी आम्ही उघडत नाही, नवा घ्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे, टाकून देऊ." मी ते फार पटकन म्हटलं असावं.

"कारखान्यात केसाएवढ्या तारा जोडत होता म्हणून अक्का सगळ्यांना सांगायची," मेहुणी म्हणाली. "आता टाकून देऊ म्हणता? बॅटरी मागवा. तुम्ही करा. मी येते, बसते तुमच्या उरावर."

बॅटरी आली त्या दिवशी ती खरंच आली. चार्जर मी आधीच काढला होता. टॅबमधला चार्ज उतरेपर्यंत तो गच्चीवर फरशीवर ठेवला होता. उतरता उतरताही त्याने फोन लावले, पण आता तिकडे कुणी उचलत नव्हतं.

सकाळचं ऊन होतं. वाळूची बादली शेजारी घेतली, कारण अशी बॅटरी टोचली गेली तर पेटते. स्क्रीन बहुतेक सुटलेलीच होती. उरलेल्या कडेला कोमट पाण्याची शेकायची पिशवी धरली, गोंद मऊ झाला, आणि प्लास्टिकची पातळ पट्टी घालून सरकवत गेलो. हीच पिशवी मी बायकोच्या पाठीला लावत असे. आत स्क्रीनची पट्टीसारखी नाजूक वायर असते, ती ताणू नये म्हणून मेहुणीने काच उभी धरली. आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग बॅटरी. चंदेरी पिशवी, फुगून वर आलेली. तिच्याखाली स्पिरिटचे थेंब सोडले आणि पट्टीने हळूहळू उचलू लागलो. गोंद चर्र आवाज करत सुटत होता. हाताखाली ती मऊ लागत होती, आजारी माणसाच्या पोटासारखी.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी अक्का नेमकं काय बोलली?"

"सांगितलंय की."

"मला नाही सांगितलं. पंगतीत सांगितलं. मी वाढत होते, मला अर्धवट ऐकू आलं."

तो दिवस असा होता. झटका आल्यापासून बायको अंथरुणावर होती. शब्द फारसे उरले नव्हते आणि जीभ ओढत बोलायची. मेहुणीनेच टॅब तिच्या उशाशी उभा करून दिला होता. मुलाशी मी काही वर्षं बोलत नव्हतो. त्याने स्वतःच्या मनाने लग्न केलं, मी गेलो नाही, तिलाही जाऊ दिलं नाही. मी पेज घेऊन खोलीत आलो तर टॅबवर त्याचा चेहरा. तो "आई, आई" म्हणत होता. तिने हात उचलून टॅबकडे बोट केलं, माझ्याकडे बघितलं आणि तो शब्द बोलली. मी वाटी ठेवली आणि बटण दाबलं.

हे मी मेहुणीला सांगितलं. शब्दही सांगितला, आणि का कोण जाणे, अगदी तिच्यासारखा सांगितला. जीभ ओढून, शेवट लांबवून. "बंदऽ."

मेहुणीचं लक्ष काचेकडे होतं. तिने वर न बघता विचारलं, "यारु?"

यारु म्हणजे कोण. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कन्नडात "बंद" म्हणजे "तो आला". मराठी "बंद"मध्ये आणि त्यात फरक एवढाच, की मराठीत शेवटचा अ आपण गिळतो आणि कन्नडात तो पूर्ण उच्चारतात. मेहुणीने कानावर आलं ते ऐकलं आणि साधा प्रश्न विचारला, कोण आला?

मग तिच्या लक्षात आलं. काच तिच्या हातात कलली. मी म्हटलं, "वायर सांभाळ."

"अक्का आजारपणात एक शब्द तरी मराठीत बोलली होती का, भावजी?"

नव्हती बोलली. पाण्याला नीरु म्हणायची. पुरे म्हणायला साकु. दुखतं म्हणायला नोवु. डॉक्टरही म्हणाले होते की लहानपणची भाषा मागे उरते. हे सगळे शब्द मला बरोबर कळत होते, मी त्याप्रमाणे पाणी देत होतो, कूस बदलत होतो. तो एकच शब्द मी मराठीत ऐकला.

"चुकून झालं," मेहुणी म्हणाली. ती मला वाट करून देत होती. ती घ्यायचा मोह मला झाला, हेही लिहून ठेवतो.

चुकून झालं नव्हतं. म्हणजे बटण दाबेपर्यंत चूक होती. पण बोट उचलायच्या आत मला कळलं होतं, कारण तिचा चेहरा मला दिसत होता. काळ्या काचेकडे बघून तो विझला. टॅब पुन्हा लावता आला असता. लावला असता तर मुलाशी पहिला शब्द मला बोलावा लागला असता. मी पेज भरवायला घेतली.

आणि नंतरचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती दाराकडे बघू लागली. टॅबमधून गेला म्हणजे दारात आला असेल, असं तिला वाटत असावं. दाराकडे बघायची आणि म्हणायची, बंद. मी उठायचो आणि दार लावायचो. ती पुन्हा म्हणायची. मी म्हणायचो, "लावलं ग, लावलंय, झोप." ती लावलेल्या दाराकडे बघत राहायची, कुणीतरी पलीकडे उभं असल्यासारखी. कधी कधी मलाही कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी कडी घालायचो.

ती गेल्यावरही दुपारी तिची झोपायची वेळ झाली की मला तो शब्द ऐकू यायचा. मी दार लावून यायचो, आणि उत्तर द्यायचो. तेच मुलाने कपाटातून ऐकलं होतं.

मी जुनी बॅटरी वाळूत ठेवली, नवी बसवली, जोडणी दाबली. टॅब लागला. स्क्रीन शांत होती. आम्ही दोघं कितीतरी वेळ बघत राहिलो, काहीच हललं नाही. काच खाली घालून कडेला चिकटपट्टी लावली आणि थोडा वेळ वर पुस्तकं ठेवली. गच्चीवर एवढी शांतता मला सहन होईना.

"लावा फोन," ती म्हणाली.

मुलाच्या फोटोवर मी बोट ठेवलं. घंटी वाजत राहिली. त्याने उचलला नाही. उचलू नकोस असं आम्हीच सांगितलं होतं. मेहुणीने स्वतःच्या फोनवरून त्याला लिहिलं: आता बॅटरी नाही, अप्पा आहेत. बऱ्याच वेळाने टॅब वाजला. त्याचा चेहरा आला. केस पिकलेत त्याचे.

मी सगळं सांगितलं. दारापर्यंत.

"आज का सांगताय?" त्याने विचारलं.

"मावशीने ओळखलं म्हणून."

"आणि तिने ओळखलं नसतं तर?"

मी कडेची चिकटपट्टी बोटाने दाबली. त्याला तेवढं उत्तर पुरलं असावं. म्हणाला, "मावशीला द्या." ती टॅब घेऊन जिन्यात गेली. दोघं कन्नडात बोलत होती. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"पंगतीत जे होते त्या सगळ्यांना सांगा म्हणतो. तुम्हीच."

काहींना फोन केले. एकाने मध्येच सांगितलं, आता कशाला उकरता, गेली ती बिचारी. दुसरे म्हणाले, आम्हाला तर आठवतही नाही. काही ऐकायला राहिले नाहीत. म्हणून हे लिहितो. पंगतीत मी सांगितलं ते खोटं होतं. तिने मुलाला बघितलं आणि तो आला असं मला सांगितलं. आनंदाने सांगितलं.

टॅब आता टेबलावर असतो. चार्ज झाला की वायर काढतो. तो आपणहून काही करत नाही. दुपारी मी मुलाचा फोटो दाबतो. तो कधी उचलतो, कधी नाही.