मूठभर नागली आणि भोंगामामा

भोंगामामांना खाली बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. चहासुद्धा ते चालत चालत प्यायचे. आमच्या जव्हारच्या दुकानात पुढच्या बाजूला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, एक गिऱ्हाइकाची आणि एक मामांची. मामांच्या खुर्चीवर वायरची भेंडोळी बसली, बिघडलेले माईक बसले, आमची मांजर बसली, फक्त मामा तेवढे बसले नाहीत. "टेका की जरा," असं बाबा म्हणाले की ते दारापर्यंत जाऊन परत यायचे आणि म्हणायचे, "टेकला का माणूस जड होतो, शेट." घरी जेवतानाही यांचा एक पाय उंबऱ्याकडे असतो, अशी मामींची कायमची तक्रार होती. त्यांच्याकडे बघून बघून आपल्यालाच धाप लागायची.

आमची साउंड सर्व्हिस. लग्न, हळद, गणपती, क्रिकेटचे सामने आणि निवडणूक. निवडणूक आली की जीपच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, मागे बॅटरी आणि अँप्लिफायर ठेवायचा आणि पुढच्या सीटवर मामांच्या हातात माईक द्यायचा. त्या सीटवरही ते अर्धे बाहेर लोंबकळत. मामांचा जन्म मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, वडील मजुरीला जव्हारला आले आणि इथेच राहिले. त्यामुळे पाड्यांवरची बोली त्यांची घरची होती. त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल. गावाला ठाऊक होतं ते भोंगामामा हेच, आणि मला ते "बाय" म्हणायचे. मी दुकान सांभाळायला लागले, बाबांचे गुडघे गेले, तरी त्यांच्यासाठी मी बायच राहिले.

सकाळी एका उमेदवाराची जीप आणि दुपारनंतर दुसऱ्याची, यात मामांना काही वावगं वाटत नसे. "गळा भाड्याचा, बाय. पोट घरचं," असं ते म्हणत. जीपमध्ये डाव्या खिशात एका रंगाचा गमछा, उजव्या खिशात दुसऱ्या रंगाचा. एकदा घाईत दोन्ही गळ्यात राहिले आणि मोखाड्याच्या बाजारात एका उमेदवाराच्या जीपमधून त्यांनी दुसऱ्याचं नाव पुकारलं. कार्यकर्ते धावत आले. मामांनी माईक न सोडता लगेच जोड दिली, "यांना पाडा, आणि आपल्या माणसाला निवडून द्या!" बाजार हसला, कार्यकर्तेही हसले. अशा माणसावर रागावणार तरी कोण?

प्रचाराचा मजकूर छापील यायचा. लोकसभेची निवडणूक असली की तो मुंबईत किंवा दिल्लीत लिहिलेला असायचा आणि त्यात ऊर्जेबद्दल हमखास काहीतरी असायचं. हरित ऊर्जा, ऊर्जा स्वावलंबन, प्रत्येक कुटुंबाला अमुक युनिट मोफत. मामा तो कागद एकदा वाचत, घडी करून कानावर विडी ठेवावी तसा टोपीत खोचत आणि मग बोलीत सुरू करत. युनिट म्हणजे काय हे कुणी विचारलं तर ते सांगत, "तुझी म्हातारी भाकऱ्या थापल, तुझा पोऱ्या अभ्यास करल, तू आडवा पडशील, तवर बल्ब जळला का थोडाथोडा युनिट झाला." दिल्लीतल्या साहेबांना हे जमलं नसतं. मला मात्र तेव्हा ती नुसती गंमत वाटायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पाड्यांवर लग्नाचं बोलावणं असो, कामाचं असो की कुणी गेल्याचं, सांगावा माणूस घेऊन जातो. आणि जो सांगावा आणतो तोच त्याला जामीन. लग्नात जेवण कमी पडलं तर लोक नवऱ्याच्या बापाकडे नंतर जातात, आधी बोलावणं करणाऱ्याला धरतात. तू बोललास म्हणून आम्ही आलो, आता तूच काय ते बघ. शब्द ज्याच्या तोंडातून निघाला त्याचा, असा साधा हिशोब. हा हिशोब मामांना जन्मापासून ठाऊक होता, पण तो भोंग्यालाही लागू पडेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

खोडाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला करवंदपाडा आहे. तिथे विजेचे खांब उभे होते, तार नव्हती. खांबांना बैल बांधत. मागच्या लोकसभेच्या आधीच्या लोकसभेला मामांनी तिथे भोंग्यावरून सांगितलं होतं, "दिवाळीच्या आत घरात उजेड!" कागदावर तसंच छापलं होतं. तो उमेदवार पडला. दिवाळी आली आणि गेली. मामा विसरले, मी विसरले, उमेदवार तर कल्याणला परत गेला.

करवंदपाड्याची सोमीआजी विसरली नव्हती. दिवाळीनंतरच्या मोखाड्याच्या बाजारात तिने मामांना गाठलं. मी सोबत होते, सुकी मासळी घेत होते. आजी काठी टेकत आली आणि मामांच्या समोर उभी राहिली.

"काय रं भोंग्या, उजेड कठं हाय?"

मामा हसले. "अगं आजी, तो उमेदवार पडला ना. तो बोल्ला होता, मी नाय."

"उमेदवार मी नाय देखला. तुला आयकला."

आजीने भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. "येईल तवा येईल. पण तू बोल्ला हाइस," एवढं म्हणून ती मिठाच्या दुकानाकडे गेली. परतीच्या जीपमध्ये मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आत घेतला, पुन्हा बाहेर काढला. मी म्हटलं, "मामा, मनाला लावून घेऊ नका, म्हातारी आहे ती." ते म्हणाले, "बाय, मी सांगावा दिला."

तेव्हापासून त्यांची जुनी येरझार बदलली. आधी ते उगाच फिरायचे, आता त्यांना जायला ठिकाण मिळालं होतं. बाजाराच्या दिवशी मोखाड्याच्या वीज कचेरीत जायचे आणि टेबलासमोर उभे राहायचे. तिथले साहेब भले होते, खुर्ची पुढे करायचे. मामा म्हणायचे, "नको. बसलो का तुम्ही विसराल." तुम्ही सरपंच का, पुढारी का, त्या पाड्यातले का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मामांचं उत्तर तयार होतं, "मी बोल्लो होतो." साहेबांना त्यातलं काही उमगलं नसावं. ते सांगत, वनखात्याची परवानगी बाकी आहे, ठेकेदार बाकी आहे, पावसाळा संपू द्या. मग मामा पाड्यावर जाऊन हे सगळं जसंच्या तसं सांगायचे. नसलेल्या उजेडाची बातमी द्यायला हा माणूस डोंगर चढायचा, याचं मला हसू यायचं आणि काळजीही वाटायची, कारण वय वाढत चाललं होतं.

पुढची लोकसभा आली. या खेपेला ऊर्जेवरून सगळ्यांनाच जोर चढला होता. एकाच्या कागदात प्रत्येक घरावर विजेची सौर पाटी होती, दुसऱ्याच्या कागदात मोफत युनिट होते. तिसरा म्हणत होता की आपल्या डोंगरात वर एक तळं आणि खाली एक तळं करून पाणी वरखाली खेळवू आणि देशाला वीज देऊ. जव्हारच्या चौकात चहाच्या टपरीवर लोक तज्ज्ञांसारखे भांडत होते. मामा तिन्ही कागद घेऊन दुकानात फेऱ्या मारत होते. "बाय, देशाला वीज देतात. तार कुणाच्या कागदात हाय?" मी म्हटलं, "मामा, लोकसभेच्या कागदात करवंदपाड्याची तार कशी असेल?" ते माझ्यावर खेकसले, "मग करवंदपाड्यावर लोकसभेची जीप कशाला नेता?" मी पुढच्या गिऱ्हाइकाची पावती फाडायला घेतली.

सौर पाटीवाल्या उमेदवाराचं काम आम्ही घेतलं. ड्रायव्हरला ताप आला म्हणून त्या दिवशी जीप मी चालवत होते. मागे कल्याणहून आलेला एक कार्यकर्ता होता, गोरापान, सारखा फोनवर. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. करवंदपाड्याच्या आंब्याखाली जीप थांबली तशी माणसं जमली. मामांनी माईकमध्ये "हा… हा…" केलं, टोपीतला कागद काढला, आणि तेवढ्यात सोमीआजी घरातून सूप घेऊन आली. सुपात नागली, म्हणजे नाचणी होती. तिने एक मूठ भरून मामांच्या माईक नसलेल्या हातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.

"आथा बोल," ती म्हणाली.

हातात धान्य घेऊन आमच्याकडे खोटं बोलत नाहीत. जमिनीचा तंटा असो की नवराबायकोचा, मूठ बंद केली की जे आहे तेच बोलायचं. कार्यकर्त्याला वाटलं स्वागताची पद्धत असेल, त्याने फोटो काढला. मामा एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात नागली घेऊन उभे राहिले. कागद खाली पडला. भोंग्यातून नुसता घूं असा आवाज येत होता. हा माणूस आता काय बोलणार ते मला समजलं होतं आणि त्याने ते बोलू नये असंही वाटत होतं.

"आयका व, करवंदपाड्याच्या माणसांनो," मामा म्हणाले. "ह्या कागदावर लिव्हलाय का घरावर सूर्याची पाटी बसल न उजेड फुकट पडल. कागद ह्या सायबांचा हाय. खरा का खोटा, मना ठाव नाय. मागल्या टायमाला बोल्लो तवा माझे हातात काय नव्हता. आज नागली हाय. म्हणून येवढाच बोलतो. उजेड येईल का नाय ते मी बोलत नाय. उजेड येस्तवर मी येत ऱ्हाईन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजीने मान डोलावली आणि सूप घेऊन घरात गेली. मामांनी मुठीतली नागली जमिनीवर न सांडता सदऱ्याच्या खिशात ओतली. कार्यकर्त्याला बोली पुरती कळली नव्हती, पण जेवढी कळली तेवढी पुरेशी होती. जव्हारला पोचायच्या आत आमचं काम दुसऱ्या साउंडवाल्याकडे गेलं. मी मामांवर चिडले. दुकान नुकतं अंगावर घेतलं होतं, आणि हा माणूस मध्येच हरिश्चंद्र व्हायला निघाला होता. घरी बाबांना सांगितलं तर ते पाय चोळत म्हणाले, "त्याचा गळा भाड्याचा होता. आता घरचा झाला. आपण दुसरा बघू."

दुसऱ्या उमेदवाराच्या माणसांना ही हकीकत कळली आणि त्यांना मामांचा भलताच पुळका आला. फोन आला, आमच्याकडून बोला, तुम्ही फार खरं बोलता. मामा दुकानात फेऱ्या मारत फोनवर म्हणाले, "येतो की. पण हातात नागली घेऊन बोलीन. चालंल?" पलीकडून फोन बंद झाला. मामा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. तो खोकला पुढे थांबलाच नाही.

पावसात ते करवंदपाड्याला जाऊन आले, खांब बदलायचं ठरलंय असं सांगायला. परत आले ते तापाने फणफणून. छातीत पाणी झालं होतं. नाशिकला नेलं. नर्सबाई माझ्याकडे तक्रार करत होत्या, "तुमचे मामा कॉटवर राहत नाहीत हो, सलाईन घेऊन दरवाजात उभे असतात." शेवटी उठणं बंद झालं. मी गेले तेव्हा ते छताकडे बघत होते आणि पांघरुणाखाली त्यांचे पाय हलत होते. आवाज अगदी बारीक झाला होता. "बाय, मी निजलोय हे पाड्यावर सांगू नको," ते म्हणाले. "बरा झालो का जाईन." ते बरे झाले नाहीत. मला रडू आलं ते नंतर, दुकानात, त्यांच्या खुर्चीवरून मांजर खाली उतरली तेव्हा. ती खुर्ची रिकामी मी कधी पाहिलीच नव्हती.

सांगावा कुणीतरी न्यायला हवा होता. मामींच्याने ते होईना. मी जीप काढली. सोमीआजी ओटीवर नागली पाखडत बसली होती. मी सांगितलं, मामा गेले. तिने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मग तिने समोरच्या खांबाकडे पाहिलं. नवा खांब होता, तार नव्हतीच.

"मंग आथा कोण येल?" तिने विचारलं.

मी सांत्वनाचं काहीतरी बोलणार होते. साहेबांना भेटा, सरपंचांना सांगा, असं तोंडाशी आलंही होतं. पण आजीचा हात सुपाकडे गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येईन." नागली हातात घ्यायची वेळच आली नाही. आजीने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

परवा मी मोखाड्याच्या वीज कचेरीत होते. जुने साहेब बदलून गेलेत, नवे तरुण आहेत, बोलायला चांगले आहेत. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा ना, ताई."

"नको, उभी बरी आहे."

"तुम्ही त्या पाड्यातल्या का?"

"नाही."

"मग कुठल्या पक्षाच्या?"

"कुठल्याच नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमचा काय संबंध?"

"मी बोललेय," मी म्हटलं.