दोघांनी एकदम वर यायचं नाही

टेमघरच्या विपुलला कोणी विचारलं, काय खेळतोस, की तो "हॉकी" म्हणून मोकळा व्हायचा. पाण्याखालची, असं सांगितलं की लोक हसत. त्यांचं तरी काय चुकतं म्हणा! काठावरून नुसत्या पाठी आणि श्वासाच्या नळ्या दिसतात. खरा खेळ तळाशी. जड चकती वीतभर काठीने ढकलत समोरच्यांच्या पन्हळीत, म्हणजे तळावरच्या गोलात, घालायची, श्वास संपला की वर, भरला की पुन्हा खाली.

विपुल आणि त्याचा चुलतभाऊ देवेश बचावाला होते. बचाव करणाऱ्याने चकतीमागे धावायचं नसतं. चकती आणि पन्हळ यांच्या मधे अंग घालून थांबायचं, समोरच्याला भिंतीकडे रेटायचं. आणि दोघांनी एकदम वर यायचं नाही. एक वर गेला की दुसऱ्याने तळ सोडायचा नाही.

पण यंत्रमागाच्या लूमवर उमर गेलेल्या विपुलच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. वर आला की परत बुडी मारायला त्याला उशीर व्हायचा. तो कुणाला बोलला नाही. या खेळाखेरीज त्याचं स्वतःचं असं काही नव्हतंच. संघातून गेलो तर मग उरलो कशाला, असं त्याला मनापासून वाटायचं. देवेशच्या ते ध्यानात आलं होतं. तोही बोलला नाही, फक्त तळाशी जास्त वेळ थांबू लागला.

संघाच्या निवडीच्या सामन्यात विपुल वर धापा टाकत होता. आता जायचं, आता जायचं, असं स्वतःला बजावत होता, पण छाती ऐकेना. तेवढ्यात शेजारी देवेशचं डोकं वर आलं. ओठ निळे पडलेले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि खाली गोल झाला.

"जागा कोणी सोडली?" संघ निवडणारे सर काठावरून ओरडले.

"मी, सर," देवेश म्हणाला. "माझाच दम पुरला न्हाय."

"सर, तो न्हाय..." विपुलने तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. नाकात पाणी गेलं वाटतं, म्हणत कुणीतरी त्याची पाठ चोळली. उबळ थांबेपर्यंत सरांनी निवडलेल्यांची नावं सांगून टाकली होती. विपुल होता, देवेश नव्हता.

तेव्हाही सांगता आलं असतं. विपुल गप्प बसला, आणि स्वतःची किळस येऊनही गप्पच राहिला.

पुढच्या सामन्याला त्याच्या जोडीला नवशा नावाचा पोरगा होता. खेळाडू चांगला, चपळ. दम संपला की सरळ वर येणारा, विपुलसाठी तळाशी थांबून न राहणारा.