सोयरिकीआधी कोर्टाचा निकाल
भाचीला निलंग्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील ठणकावून म्हणाले, "आमच्या पोराला सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई." आमच्याकडे हे प्रत्येक मुलाचा बाप म्हणतो. मी घरी येऊन कोर्टाच्या वेबसाइटवर तालुका निवडला आणि मुलाचं नाव टाकलं. तिथले निकाल कुणालाही बघता येतात, पण बघतो कोण? निकाल सापडला: दारू पिऊन मोटारसायकल चालवली, गुन्हा कबूल, दंड भरला.

पुढच्या बैठकीत वडिलांनी सुपारीच्या खांडाची तीच गोष्ट पुन्हा काढली. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. शेजारी बसलेल्या पोरानं मान खाली घातली.

"ताई, सोयरिकीत कोर्ट कशाला आणायचं?" वडील चिडले.

"कारण तुमच्या घरात खरं बोलणारा हा एकटाच," मी म्हणाले, "आणि तोही फक्त जजसमोर."