ज्याची थुंकी त्यानं उचलावी

ती बादली माझ्या हातात दिली तेव्हा तिच्यात पाच जणांची थुंकी होती. माझी नव्हती.

दिसायला बादली झकास. चांदीसारखी चकचकीत, दोन्ही बाजूंना कड्या. आत लालसर पाणी, वर फेस, फेसात चघळलेल्या पावाचा एक तुकडा. रोहननं ती टेबलावरून उचलली, माझ्या मांडीजवळ आणली आणि म्हणाला, "तुला सवय असेल. एवढं मोरीत ओतून ये ना. मावशी पोळ्या लाटतायत."

मी दोन्ही हातांनी धरली. खोटं कशाला सांगू? धरली. कुणी काही पुढं केलं की आमचे हात आपोआप पुढं जातात.

रोहन हा माझ्या मैत्रिणीचा, मृणालचा नवरा. मृणाल आणि मी पुण्यात एका खोलीत राहून शिकलो. एकाच पातेल्यात मॅगी खाल्ली. आता तिचा मळवलीला बंगला आहे, विसापूर किल्ला समोर दिसतो असा. तिनं फोन केला. "रोहननं फ्रान्सहून वाइन आणल्यात. शार्डने आहे, कॅबर्ने आहे. जेवायलाच ये. तुझं तर कामच ते."

माझं काम तेच, हे खरं. नाशिककडं वाइनच्या कारखान्यात तळघरात चार वर्षं काढली. आता तळेगावजवळ एका खाण्याच्या पदार्थांच्या कंपनीत आहे, चव विभागात. सरबत, सॉस, चहा, जे येईल ते जिभेवर घ्यायचं, घोळवायचं, थुंकायचं, कागदावर लिहायचं. गिळलं तर दुपारपर्यंत जीभ मरते. म्हणून प्रत्येकाकडं थुंकायचा आपापला कप. आणि आमच्याकडं नियम आहे, ज्याचा कप त्यानं धुवायचा. परदेशातून साहेब आले तरी बेसिनपाशी बाह्या वर करून उभे राहतात.

त्या सवयीनं माझा स्टीलचा कप मी पिशवीतून घेऊन गेले. तो बघून रोहन हसला. "स्वतःचा पेला आणलास? अगं, आमच्याकडे पेले आहेत." मीही हसले. माझ्या आज्याला हॉटेलच्या वळचणीला वेगळा पेला ठेवलेला असायचा. तो त्यांनी ठेवलेला. हा माझा, माझ्या मर्जीनं आणलेला. पण हे तिथं सांगितलं नाही. त्या घरात मी पुष्कळ काही सांगितलं नव्हतं.

इतक्या वर्षांत मृणालला मी एकच गाव सांगितलं होतं, लोणावळा. तेही अगदीच खोटं नव्हतं. माझा बाप लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक करायचा. पण घर मळवलीला, गावाच्या कडेला, विहारापाशी. आणि आई मृणालच्या बंगल्यासमोरच्याच बंगल्यावर भांडी घासायची. शहरातली माणसं गाव विचारतात ती गाव कळावं म्हणून थोडीच विचारतात! म्हणून मी लोणावळा सांगायचे. लोणावळा म्हटलं की माणसं चिक्कीबद्दल विचारतात, पुढचं विचारत नाहीत.

त्या संध्याकाळी फाटकातून आत शिरले तर स्वयंपाकघराच्या दारात पार्वतीमावशी उभी. आईची जोडीदारीण. दोघींनी या रांगेतले बंगले वाटून घेतलेले. आई गेली, मावशी अजून करते. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आगं, तू सुमनची ना? वळखलं न्हाईस व्हय मला?"

मी आजूबाजूला बघितलं. मृणाल व्हरांड्यात होती. मी हळूच म्हणाले, "मावशी, नंतर बोलू." आणि आत सटकले.

हे मी केलं. रोहननं काही करायच्या आधी मी केलं. जिनं मला कडेवर घेऊन मळवली स्टेशनात गाड्या दाखवल्या, तिला मी दारात झटकलं. रोहनला शिव्या घालायच्या आधी हे लिहिणं मला भाग आहे.

टेबलावर सहा जण. रोहन, मृणाल, रोहनच्या ऑफिसातले मुक्कामाला आलेले दोघं, त्यातल्या एकाची बायको आणि मी. आधी शार्डने आली, पांढरी वाइन. बाटली आली त्याआधी तिची किंमत आली. किंमत कानात गेल्याशिवाय या लोकांची जीभ उघडत नाही. बाटली थेट फ्रीजरमधून काढलेली, घाम फुटलेला. इतक्या गार वाइनला ना वास येतो ना चव लागते, दात तेवढे ठणकतात. पण रोहननं डोळे मिटले, मान मागं टाकली आणि म्हणाला, "बटर. व्हॅनिला. आणि शेवटी अगदी थोडं हिरवं सफरचंद."

हे तिन्ही बाटलीच्या मागं छापलेलं होतं. माझ्या जागेवरून वाचता येत होतं.

"सफरचंद, येस, येस," ऑफिसातला एक म्हणाला. दुसऱ्याला लोणी लागलं. त्याच्या बायकोला दोन्ही लागलं. मग सगळ्यांनी आळीपाळीनं त्या बादलीत पिचकाऱ्या मारल्या आणि एकमेकांकडं कौतुकानं बघितलं. मी माझ्या कपात थुंकले आणि गप्प बसले. पाहुण्यानं यजमानाचं उणं काढू नये. हे संस्कार आम्हालाही आहेत.

तेवढ्यात मावशी काजूची बशी घेऊन आली. मी मान खाली घातली. पण तिच्या पोटात कुठं काय राहतं! तिला अभिमानच झाला होता. रोहनला म्हणाली, "सायेब, ही आमच्या सुमनची पोर. समोरल्या बंगल्यावर भांड्याला हुती बगा ती. विहारापाशी घर हाय त्येंचं. लय शिकली पोर."

रोहन म्हणाला, "अच्छा."

बस. एवढंच. पण या 'अच्छा'चं वजन आम्हाला बरोबर कळतं. आमच्या घरात दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. मृणालनं माझ्याकडं बघितलं, मग काजूंकडं बघितलं. आणि पाचच मिनिटांत रोहन मला ग्लास दांडीला कसा धरायचा हे शिकवायला लागला. "असा. बोटं वर नको न्यायला. हं, जमेल."

चार वर्षं मी पिंपांतून वाइन काढून रोज तपासली. आणि हा मला ग्लास धरायला शिकवतोय. मी धरला. म्हटलं, शिकव बाबा.

मग कॅबर्ने, लाल. ही तासभर आधीच काचेच्या सुरईत ओतून ठेवलेली. तिची किंमत सांगताना रोहनचा आवाज देवळात गेल्यासारखा झाला. मी ग्लास नाकाशी नेला आणि थबकले.

तो वास मी ओळखत होते. कारखान्यात शिकायच्या कितीतरी आधीपासून. पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटाचा वास. आई भातकापणीला ज्यांच्या शेतावर जायची, त्या घरची बाई ओल लागलेला तांदूळ आईच्या पदरात घालायची. "घेऊन जा गं, चांगला इंद्रायणी आहे." तीन पाण्यांनी धुतला, चुलीपाशी वाळवला, तरी भाताला तो वास यायचाच. आम्ही नाक दाबून जेवायचो. वाइनचं बूच बुरशीनं खराब झालं की आतल्या वाइनला नेमका तोच वास लागतो. यात पिणाऱ्याचा दोष नाही, विकणाऱ्याचाही नाही. बाटली बाजूला ठेवायची, दुसरी उघडायची. कुठल्याही चांगल्या हॉटेलात मुकाट्यानं बदलून देतात.

इकडं रोहनचं सुरू झालं होतं. "माती. जुनं लाकूड. पावसानंतरचं जंगल."

"मश्रूम," ऑफिसातला म्हणाला.

म्हणजे जो वास आमच्या पदरात भीक म्हणून टाकला जायचा, तो ही मंडळी फ्रान्सहून विकत आणून, डोळे मिटून, माना हलवून पीत होती. मला हसू आलं. ते मी दाबलं आणि शक्य तितक्या साधेपणानं सांगितलं, "रोहन, ही बाटली खराब झालीय. बुचाला बुरशी लागली असेल. असं होतं कधी कधी. दुसरी उघड."

रोहननं ग्लास खाली ठेवला. माझ्याशी बोललाच नाही. बायकोशी बोलला.

"मृणाल, गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ना, ते उगाच नाही. जिभेवर पिढ्यांचे संस्कार लागतात. ते काही कोट्यातून मिळत नाहीत."

ऑफिसातले दोघं हसले. त्यातल्या एकाची बायको नाही हसली, पण काही बोललीही नाही. मृणाल ताटलीतला काजू बोटानं फिरवत राहिली. एका पातेल्यात मॅगी खाल्लेली मृणाल.

गुळाची चव! माझा बाप उकळत्या पाकाचा एक थेंब पाण्यात टाकून, बोटांत धरून, जिभेवर ठेवून सांगायचा की चिक्की दाताला चिकटेल की कडकन तुटेल. त्याच्या जिभेवर साऱ्या लोणावळ्यानं पैसा केला. आणि हा माणूस बाटलीची पाठ वाचून चव सांगतो.

पण मी ओरडले नाही. म्हणाले, "तशीच अजून एक आहे ना तुझ्याकडं? उघड. शेजारी शेजारी ठेवू."

नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. सगळे बघत होते. उघडली. ओतली. दोन ग्लास टेबलभर फिरले. यासाठी वाइन कळावी लागत नाही, नाक असलं की पुरतं. काळ्या जांभळाचा वास खोलीभर पसरला. मघाची ती बाईच शेवटी बोलली, "ह्याला तसला वास नाहीये." मग तिनं पहिला ग्लास हातभर लांब सारला. तिच्या नवऱ्यानंही सारला. मश्रूमवाल्यानंही.

कुणी म्हणालं नाही की तुझं बरोबर होतं. रोहनचे कान लाल झाले होते. तो उठला, म्हणाला, "चला, जेवून घेऊ." आणि त्यानं ती बादली उचलली.

तुला सवय असेल.

म्हणजे चवीत मला हरवता आलं नाही, तर जागा दाखवायची. त्यांच्याकडं एवढा एकच हुकमी पत्ता आहे. पिढ्यानपिढ्या तोच टाकतात.

बादली हातात जड होती. बाबा सांगायचे, पेशवाईत आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधलेलं असायचं. आपली थुंकी त्यांच्या रस्त्यावर पडू नये म्हणून. लहानपणी मी विचारायचे, मडकं भरलं की काय करायचे? बाबा विषय बदलायचे. आता मी बघत होते. तेव्हा थुंकी आमची होती, मडकं आमच्या गळ्यात होतं. आता थुंकी यांची आहे आणि मडकं तरीही आमच्याच हातात. यांच्या लेखी हीच आमची प्रगती.

मी उठले. मोरीकडं गेले नाही. टेबलाला वळसा घातला आणि बादली रोहनच्या ताटाशेजारी ठेवली, पांढऱ्या कापडावर. थोडं हिंदकळलं. डाग पडला.

"माझ्या कामाच्या ठिकाणी ज्याची थुंकी तो धुतो," मी म्हणाले. "हिच्यात माझी नाही. उचल."

"अगं, जोक होता यार."

"उचल."

मृणाल उठली. "थांबा, मी टाकते. विषय संपव ना आता."

"तू नको. त्यानं."

आवाज ऐकून मावशी धावत आली, हात पिठानं भरलेले. "आगं बाय, दे हिकडं. मी टाकती की."

"मावशी, हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. मळवलीच्या बोलीत. त्या घरात पहिल्यांदा.

मावशी घाबरली. मला बाजूला ओढून पुटपुटली, "तू जाशील गं घरला. मला हितंच ऱ्हायचंय. नात शिकतीय माझी."

तिचं खरं होतं. आजही आहे. मी सगळ्यांसमोर मावशीच्या पाया पडले. जे दारात करायला हवं होतं ते उशिरानं केलं. माझा कप बेसिनवर धुतला, पिशवीत टाकला आणि न जेवता स्टेशनची वाट धरली. घोरावाडी स्टेशनपर्यंत लोकलच्या दारातच उभी राहिले. इतकी वर्षं वाइन थुंकत आले आणि अपमान गिळत आले, त्याची किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "कुणी बी उचलली न्हाई बाय. सकाळी माश्या घोंगावत हुत्या. म्या धुतली."

पाच शिकलेली, फ्रान्सची वाइन पिणारी माणसं. आपलीच थुंकी रात्रभर उशाशी ठेवून झोपली, पण ती उचलायला कुणाचा हात पुढं झाला नाही. आणि हे आम्हाला संस्कार शिकवतात.

आठवड्यानं मृणालचा मेसेज आला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. तू फारच मनाला लावून घेतलंस. पुढच्या महिन्यात पुन्हा ये, नवीन बाटल्या येतायत.

मी लिहिलं: "येईन. मी सुमनची मुलगी, घर मळवलीला विहारापाशी, हे टेबलावर बसताना मीच सांगेन. पार्वतीमावशीची खुर्ची माझ्या शेजारी असेल. आणि बादली रोहन धुवेल, सगळ्यांसमोर. या तिन्हींतलं एक जरी कमी असलं तर बोलावू नकोस."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला माहीत आहे. मृणालची मैत्री गेली, आणि मला त्याचं वाईट वाटलं, हेही खरं. पण अट मागं घेणार नाही. तिच्यासाठी नाही, दुसऱ्या कुणासाठीही नाही. आता कुणी गाव विचारलं की मी मळवली सांगते, आणि पुढचं त्यांनी विचारायच्या आधी सांगते. आणि माझ्यापुढं कुणी बादली केली तर माझे हात पाठीमागं असतात.