एका मापाची चिंधी

“ताई, ही चिंधी न्हाय,” सुभद्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

आमच्या गावच्या भवानी पेठेत माझं गोधड्यांचं छोटं वर्कशॉप आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करताना जे तुकडे उरतात, ती चिंधी. ती आणायची, निवडायची आणि तिच्या गोधड्या शिवायच्या. प्रत्येक गोधडीवर लेबल असतं, ‘उरलेल्या कापडातून, हाताने शिवलेली’. सुभद्राबाई आमच्या सगळ्यात जुन्या कारागीर.

“चिंधी नाही तर काय आहे?” मी विचारलं.

“बघा की. चिंधीत बाहीचा गोल येतो, कॉलरचं टोक येतं. ह्यात एक तुकडा वाकडा न्हाय.”

मी दोन पोती रिकामी केली. सगळे तुकडे नेव्ही ब्लू, सगळे चौकोनी. पुण्याच्या एका दुकानाने पूर्ण नेव्ही ब्लू गोधड्यांची मोठी ऑर्डर दिली होती. माल इतका एकसारखा येतोय, निवडायचा वेळ वाचतोय, म्हणून मी खूश होते.

तशीच नागेशशेठच्या कारखान्यात गेले. चिंधी त्यांच्याकडूनच येते. त्यांनी चहा मागवला. सगळे तुकडे चौकोनी कसे, असं मी विचारलं.

“मॅडम, एका रंगाची, एका मापाची द्या, असं तुमीच म्हणालात की. चिंधी कधी मापात येते व्हय?”

“मग हे तुकडे कुठून आले?”

“ताग्यातून कापले.”

“नव्या ताग्यातून?”

“व्हय. मला वाटलं, तुमाला माहीत हाय.”

बिलावर त्यांनी सरळ ‘कटपीस’ लिहिलं होतं. लपवलं काहीच नव्हतं. रागवायचं कुणावर, तेच कळेना. आमच्यासाठी अख्खं कापड फाडलं जात होतं. आम्ही ते पुन्हा जोडून त्यावर ‘उरलेलं’ असं लेबल लावत होतो.

परत आले तेव्हा निम्मी ऑर्डर शिवून तयार होती.

“उसवायचं का?” सुभद्राबाईंनी विचारलं.

उसवलं असतं तर मात्र ते कापड खरोखरच वाया गेलं असतं.

पुण्याच्या दुकानाच्या मॅनेजरला फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुकडे तर तुकडेच आहेत ना? गिऱ्हाइकाला काय कळणार?”

“आमच्या सुभद्राबाईंना कळलं.”



दोन दिवस डोकं चालेना. शेवटी तयार गोधड्यांची लेबलं काढली. नव्या लेबलवर फक्त ‘हाताने शिवलेली’ एवढंच ठेवलं. उरलेली ऑर्डर खऱ्या चिंधीची, मिळेल त्या रंगांची करून देते, असं कळवलं. दुकानाने तयार माल घेतला, बाकीची ऑर्डर रद्द केली. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

काम कमी झालं. शोभा नावाची आमची चांगली कारागीर टॉवेलच्या कारखान्यात गेली. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं, असं ती सांगत होती. लेबल खरं झालं आणि शोभाचं बसून करायचं काम गेलं. यात मी बरोबर वागले की चुकले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

रंगीबेरंगी गोधड्या प्रदर्शनांत हळूहळू खपतात. नागेशशेठकडे मी अजून जाते. काय पाहिजे, ते सांगत नाही. काय उरलंय, तेवढंच विचारते.